मोठी ओंबी निवडली, तरी बन्सीचे उत्पन्न का वाढत नाही?



उसाचा खोडवा तुटला की मोकळ्या झालेल्या रानात गहू करणारे आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ सभासद आहेत. त्यांपैकी काही जण बन्सी करतात. घरच्या शेवयांना, रव्याला तो लागतोच, आणि दाणा चांगला भरला तर बाजारात दोन पैसे जास्त मिळतात. गटसभेत उसाचे बोलणे संपले की हे सभासद आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात. "आम्ही दरवर्षी मळणीआधी रानात फिरून मोठमोठ्या ओंब्या निवडून बियाण्याला बाजूला काढतो. चार वर्षे झाली, पाच झाली, तरी उतारा आहे तिथेच. असे का?"

प्रश्न रास्त आहे. निवड करणारा शेतकरी आळशी नाही, उलट इतरांपेक्षा जागरूक आहे. मग त्याच्या कष्टाला फळ का येत नाही? "बी चांगले वापरा" एवढ्या उत्तराने कुणाचे समाधान होणार नाही, म्हणून यावेळी उसाला थोडी सुट्टी देऊन बन्सीची पैदास करणारे शास्त्रज्ञ निवड कशी करतात, ते सांगतो.

आधी बन्सीची थोडी ओळख. आपण पोळीसाठी वापरतो तो सरबती गहू वेगळ्या जातीचा आणि बन्सी वेगळ्या जातीचा. सरबतीच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, बन्सीच्या पेशीत २८. कृष्णाकाठचा आपला खपली गहू हाही २८ गुणसूत्रांचा, म्हणजे नात्याने तो बन्सीचा भाऊ आहे. बन्सीचा दाणा कडक, लांबट, काचेसारखा आरपार दिसणारा आणि पिवळसर असतो. परदेशात यालाच ड्युरम म्हणतात व पास्ता, मॅकरोनी यांच्यासाठी तो वापरतात. दुसरी गोष्ट म्हणजे गहू स्वतःच्याच परागाने फळतो. फूल उमलण्याच्या सुमारास आतल्या आत काम होऊन जाते. मक्यासारखी किंवा बाजरीसारखी सरमिसळ त्यात क्वचितच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

आता रानात चला. खोडव्याच्या रानातला गहू कधी एकसारखा असतो का? जिथे शेणखताचा ढीग होता तिथला गहू काळाभोर दिसतो. जुन्या सरीत पाणी जास्त मुरते, वरंब्याच्या जागी कमी. बांधाकडेच्या ओळीला एका अंगाने मोकळी हवा व ऊन मिळते, तिच्या ओंब्या जाड असतात. पाभरीच्या नळीतून मध्येच बी पडले नाही, तर त्या रिकाम्या जागेशेजारचे झाड आठ-आठ फुटवे काढते. आपण टोपली घेऊन ओंब्या निवडायला निघालो की आपला हात आपोआप कुठे जातो? ढिगाच्या जागी, पाटाच्या कडेला, बांधाजवळ. म्हणजे आपण निवडतो ती जागा, आणि घरी आणतो ते बी! जागा काही बियाबरोबर पुढच्या वर्षी येत नाही.

डोळ्यांना दिसणारा प्रत्येक फरक दोन हिश्श्यांचा असतो. एक हिस्सा रक्ताचा, म्हणजे बियातून आलेला. दुसरा रानाचा, म्हणजे माती, पाणी, खत, ऊन, गर्दी यांच्यामुळे पडलेला. पहिला हिस्सा पुढच्या पिढीला मिळतो, दुसरा तिथेच राहतो. ऊसवाल्याला हे समजायला अडचण नाही. को ८६०३२ ची सारी बेटे टिपरीवर वाढलेली, एकाच मूळ रोपाची वाटणी होऊन झालेली. त्यामुळे एक बेट जाड व शेजारचे बारीक दिसले तरी त्यातला रक्ताचा हिस्सा जवळजवळ शून्य. आता कुणी म्हणेल, मग बेणे निवडा म्हणून तुम्ही आमच्या मागे का लागता? ते रोगासाठी व उगवणीसाठी. गवताळ वाढीचे, काणीचे बेट बेण्यात येऊ नये, डोळे ताजे व फुगीर असावेत, यासाठी बेणे मळा असतो. चांगल्या बेण्याने उगवण व उत्पन्न नक्की सुधारते, पण वाण बदलत नाही. दोन्हींत गल्लत करू नये.

गव्हातही असेच घडते, हे डेन्मार्कच्या योहानसेन या शास्त्रज्ञाने घेवड्यावर प्रयोग करून दाखविले. घेवडाही स्वतःच्या परागाने फळतो. त्याने प्रिन्सेस नावाच्या वाणाचे बाजारी बी आणले आणि एकेका बियाची संतती वेगळी वेगळी वाढवून १९ कुळे तयार केली. कुळाकुळांत फरक निघाला. सर्वांत भारी कुळाच्या दाण्याचे सरासरी वजन सुमारे ६४ सेंटिग्रॅम, सर्वांत हलक्याचे ३५. इथपर्यंत निवडीला वाव होता. पण पुढे त्याने एकाच कुळातले सर्वांत मोठे व सर्वांत लहान दाणे वेगवेगळे पेरले, तेव्हा दोघांच्या पोटी निपजलेल्या दाण्यांचे सरासरी वजन सारखेच! सहा पिढ्या त्याने निवड चालू ठेवली, पण कूळ हलले नाही. १९०३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. जनुक या अर्थाचा 'जीन' हा शब्दही त्यानेच १९०९ मध्ये रूढ केला.

आमच्या सभासदांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आले. ज्याने शुद्ध वाणाचे प्रमाणित बी आणले आणि त्यातल्या मोठ्या ओंब्या निवडल्या, त्याच्या रानात निवडण्याजोगा रक्ताचा फरकच नव्हता. सारी झाडे एका कुळातली. टोपली भरली, पण आत तोच वाण. याला शास्त्रात आनुवंशिक विविधता नसणे असे म्हणतात. जिथे विविधता नाही तिथे निवडणारा कितीही हुशार असला तरी हात हलवतच परत येणार.

उरलेले निम्मे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. समजा रानात विविधता आहे. जुना स्थानिक बन्सी आहे, त्यात नाना प्रकारची झाडे मिसळलेली आहेत. किंवा शास्त्रज्ञाने दोन वाणांचा संकर केला आहे आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीतली शेकडो वेगवेगळी झाडे त्याच्यासमोर उभी आहेत. आता दिसणाऱ्या फरकात रक्त किती आणि रान किती, हे कसे ओळखायचे? हा वाटा काढण्याची रीत म्हणजे हेरिटॅबिलिटी. आपण तिला 'वारसा प्रमाण' म्हणू. अमेरिकेतील आयोवा येथे जनावरांच्या पैदाशीवर काम करणाऱ्या जे लश यांनी १९३० नंतरच्या काळात ही कल्पना पैदासकारांच्या हाती दिली. दुधाच्या गाईंसाठी निघालेले हत्यार पुढे गव्हाला कामी आले. आमच्या मते पैदासशास्त्रात याच्याइतके उपयोगी व याच्याइतके चुकीचे समजले गेलेले दुसरे माप नाही.

रीत अशी. समजा ३० प्रकारचे बन्सी तपासायचे आहेत. प्रत्येकाचा एकच वाफा न करता तीन-तीन वाफे करायचे, आणि ते रानात चिठ्ठ्या टाकून विखरून द्यायचे. एकाच प्रकाराच्या तीन वाफ्यांत रक्त तेच आहे, तरी उत्पन्न वेगवेगळे येते. तो फरक निव्वळ रानाचा. वेगवेगळ्या प्रकारांत जो फरक दिसतो त्यात रक्तही आहे आणि रानही. दुसऱ्यातून पहिला वजा केला की रक्ताचा हिस्सा हाती लागतो. या वजाबाकीचे गणित आणि वाफे चिठ्ठी टाकून मांडण्याची पद्धत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या वर्षांत बसवून दिली. आपल्या विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर आजही त्याच पायावर चाचण्या होतात. प्रक्षेत्र पाहायला गेल्यावर "एकच वाण तीन ठिकाणी कशाला लावलाय, जागा वाया" असे जे मंडळी म्हणतात, त्यांच्यासाठी हे सांगितले.

आकडे घेऊन पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा झाडाच्या उंचीत एकूण फरकाचे माप १०० आले आणि त्यात रानामुळे पडलेला फरक २०. मग रक्ताचा हिस्सा ८०, म्हणजे वारसा प्रमाण ८० टक्के. हजार दाण्यांच्या वजनात रानाचा फरक २५ असेल तर वारसा प्रमाण ७५ टक्के. आणि एका झाडाच्या दाण्याच्या उत्पन्नात रानाचाच फरक ८० निघाला, तर वारसा प्रमाण उरले अवघे २० टक्के.

आता निवड करू. रानातल्या झाडांचे सरासरी उत्पन्न १२ ग्रॅम आहे आणि आपण २० ग्रॅमची झाडे निवडली. आपल्याला वाटते, पुढच्या वर्षी २० ग्रॅमच्या आसपास येईल. पण निवडीने घेतलेली आघाडी ८ ग्रॅमची, तिचे २० टक्के म्हणजे १.६ ग्रॅम. पुढल्या पिढीची सरासरी १३.६. तेही रान, पाणी व हवा सारखी राहिली तर! एका वर्षी थंडी कमी पडली की हा दीड ग्रॅम कुठे गेला ते कळतही नाही. हेच हजार दाण्यांच्या वजनाबाबत पाहा. सरासरी ४२ ग्रॅम, निवडलेली झाडे ५० ग्रॅमची, आघाडी तीच ८. पण इथे तिचे ७५ टक्के म्हणजे ६ ग्रॅम पुढे जातात, आणि सरासरी ४८ वर येते. आघाडी सारखी, मेहनत सारखी, फळात मात्र जवळजवळ चौपट फरक.

कोणत्या गुणाचा वारसा किती, याचे देशोदेशी बन्सीवर भरपूर काम झाले आहे. आकडे जागोजागी बदलतात, पण कल साधारण एकच दिसतो. उंची, ओंबी बाहेर पडायला लागणारे दिवस, पक्व होण्याचा काळ, हजार दाण्यांचे वजन हे गुण बहुतेक ठिकाणी वारशाने बळकट निघतात. ओंबीची लांबी व ओंबीतील दाण्यांची संख्या मधल्या पायरीवर असतात. फुटव्यांची संख्या आणि उत्पन्न तळाला. आणि आपण शेतकरी नेमके काय पाहून निवडतो? भरपूर फुटवे आणि ओंबीचा एकूण थाट!

उत्पन्न तळाला का, याचेही कारण समजून घ्यावे. उंचीवर मोजक्या जनुकांचा मोठा अंमल चालतो. उत्पन्न हे मात्र उगवण, मुळे, फुटवे, ओंब्या, दाणे, दाण्याचा भराव, रोग, पाण्याची पाळी या साऱ्यांची बेरीज. असंख्य जनुके, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि प्रत्येक पायरीवर रानाचा हात. शिवाय या गोष्टी एकमेकींचे पाय ओढतात. फुटवे वाढले तर दाणा बारीक होतो, दाणा मोठा झाला तर ओंबीत संख्या घटते. म्हणून नुसत्या दाण्याच्या वजनावर निवडत गेले तर टपोऱ्या दाण्याचा पण कमी उताऱ्याचा गहू हाती येण्याचा धोका असतो. पैदासकार दोन-तीन गुणांचा मेळ घालून निवड करतो आणि उत्पन्नाचा निकाल एका झाडावर न लावता, पिढी स्थिर झाल्यावर, अनेक वाफ्यांत, अनेक गावी, दोन-तीन वर्षे वजन करून लावतो. नवा वाण यायला दहा-बारा वर्षे का लागतात म्हणून आपण कुरकुरतो, त्याचे एक कारण हेच आहे.

बन्सीच्या दाण्याच्या प्रतीबद्दल थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण भाव तिथे ठरतो. दाण्याचा पिवळा रंग बराचसा वारशाने येतो. वाण निवडला की रंगाचे निम्म्याहून अधिक काम झाले. प्रथिनांचे तसे नाही. ते नत्रावर, पाण्यावर, दाणा भरतेवेळच्या उन्हावर फार हलते. शिवाय उत्पन्न वाढले की प्रथिनांची टक्केवारी खाली येते, असा उलटा संबंध वारंवार दिसतो. आणि दाण्यावर पडणारे पांढरट, पिठूळ, मऊ डाग! व्यापारी मुठीत दाणे घेऊन हेच पाहतो आणि भाव पाडतो. या डागांत वाणाचा हिस्सा आहे, पण मोठा हिस्सा दाणा भरताना नत्र कमी पडण्याचा असतो. उसाच्या रानात याची भीती अधिक. गाडलेले पाचट कुजताना जमिनीतले नत्र काही काळ स्वतःकडे ओढून घेते आणि गहू उपाशी राहतो. म्हणून पाचट जाळू नका, ते कुजवाच, पण नत्राचा दुसरा हप्ता चुकवू नका. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिले पाणी देताना तो द्यायचा असतो. डागाळलेल्या दाण्यावरून "हे बीच खराब निघाले" म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी आपला खताचा हिशेब पाहावा.

वारसा प्रमाणाबद्दल दोन गैरसमज आहेत, तेही इथेच दूर करतो. पहिला असा की ८० टक्के म्हणजे त्या गुणाचा कायमचा शिक्का. तसे नाही. हे माप त्या झाडांचे आणि त्या रानाचे असते. तोच बन्सी सपाट, सारख्या ओलीच्या रानात लावला तर रानाचा फरक घटतो आणि वारसा प्रमाण वाढते. खाचखळग्याच्या रानात ते कोसळते. म्हणूनच निवडीचे रान सर्वांत एकसारखे असावे. आपण मात्र चांगले रान उसाला देतो आणि गव्हाला उरलेसुरले. दुसरा गैरसमज असा की वारसा प्रमाण मोठे म्हणजे सुधारणा मोठी. समजा साऱ्या प्रकारांच्या उंचीत मिळून चार बोटांचाच फरक आहे. त्यातला ९० टक्के रक्ताचा असला तरी चार बोटांतून मिळून मिळून किती मिळणार? म्हणून शास्त्रज्ञ वारसा प्रमाणाच्या जोडीला फरकाचा विस्तारही पाहतात आणि दोन्ही मिळून पुढच्या पिढीत किती टक्के सुधारणा अपेक्षित आहे याचा अंदाज बांधतात. एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही.

मग ही विविधता आणायची कुठून? इथे बन्सीचा इतिहास मोठा रंजक आहे. इटलीत नाझारेनो स्त्राम्पेल्ली यांनी उत्तर आफ्रिकेतील स्थानिक गव्हातून निवड करून 'सेनातोरे कॅपेली' हा वाण काढला. १९२३ साली तो आला आणि पुढे कित्येक दशके इटलीभर पेरला गेला. म्हणजे संकर नाही, काही नाही, स्थानिक वाणात दडलेली विविधता व नेमकी निवड एवढ्यावर हे झाले. पण तो उंच होता. खत-पाणी जास्त दिले की लोळायचा. बुटकेपणा त्याच्या रक्तात नव्हता, तो बाहेरून आणावा लागला. १९३५ साली जपानात प्रसारित झालेला नोरिन १० हा बुटका गहू १९४६ मध्ये अमेरिकेत गेला, तिथून मेक्सिकोत बोरलॉग यांच्याकडे, आणि त्यातून बुटक्या वाणांची हरितक्रांती झाली हे सर्वांना माहीत आहे. बन्सीची त्यात एक अडचण होती. नोरिनमधल्या बुटकेपणाच्या दोन जनुकांपैकी एक अशा गुणसूत्रांवर आहे की जी बन्सीत नसतातच. ४२ आणि २८ मधला फरक तो हाच. त्यामुळे बन्सीला दुसऱ्या एकाच जनुकाचा आधार मिळाला. तो घेऊन मेक्सिकोकडील बुटकी ओळ आणि किरणांनी बदल घडवलेली कॅपेलीची ओळ यांच्या संकरातून इटलीत १९७४ साली 'क्रेसो' आला, आणि कॅपेलीचे राज्य संपले.

रोगाच्या बाबतीत तर आपल्याच भागाचे नाव जगात गेले आहे, याचा आपल्याला पत्ता नाही. काळ्या तांबेऱ्याचे अनेक प्रकार असतात. कोणता प्रकार कुठे आला हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील स्टॅकमन व लेव्हीन यांनी १९२२ साली कसोटीचे १२ गहू ठरविले. तांबेऱ्याची बुरशी या बाराही गव्हांवर टाकायची आणि कोण बळी पडतो, कोण टिकतो ते पाहायचे. त्या बारांमध्ये एकाचे नाव चक्क 'खपली' आहे! पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस यांनी खपलीचा तिथल्या गव्हाशी संकर करून तिची तांबेरा सोसण्याची ताकद उचलली. त्या संकराचे नावही खपलीवरूनच 'खपस्टीन' पडले. खपलीतून आलेल्या जनुकांपैकी एसआर १३ हे जनुक १९९८ साली युगांडात आढळलेल्या घातक तांबेऱ्याविरुद्धही बन्सी गव्हाला उपयोगी पडले. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या आयाबायांनी खिरीसाठी आणि पोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जो गहू जपला, त्याच्या रक्ताने परदेशातली पिके वाचविण्यास हातभार लावला आहे.

रानटी गव्हातूनही असा माल मिळतो. आरोनसन या शास्त्रज्ञाला १९०६ साली आज इस्राएलमध्ये असलेल्या रोश पिना गावाजवळ बन्सीचा रानटी पूर्वज उभा सापडला. त्याच जातीच्या गव्हातले दाण्यातील प्रथिने, लोह व जस्त वाढविणारे एक जनुक शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमके ओळखून काढले. माणसाने गहू माणसाळवला त्या वाटेवर त्या जनुकाची चालू प्रत आपल्या लागवडीच्या गव्हातून जवळजवळ हरवलेली होती. म्हणजे कितीही मोठी ओंबी निवडा, जे रानात नाही ते निवडीने येत नाही.

आपल्याकडे निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी बन्सीवर दीर्घकाळ काम केले आहे. बागायतीसाठी निफाडचा गोदावरी म्हणजे एनआयडीडब्ल्यू २९५, आघारकरचा एमएसीएस ३१२५, जिराईतीसाठी निफाडचा पंचवटी, आघारकरचा एमएसीएस ४०२८ ही नावे सभासदांनी ऐकली असतील. यांपैकी कोणता घ्यावा हे आपली पाण्याची सोय आणि पेरणीची तारीख यांवर ठरवावे. खोडवा डिसेंबरात तुटला तर बन्सीचा आग्रह धरू नये, उशिरा पेरणीचा सरबती वाण पेरावा. असो.

आता प्रत्यक्ष काय करायचे? ज्यांच्याकडे प्रमाणित वाण आहे त्यांनी ओंब्या निवडण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी निसवल्यावर रानात फिरून वेगळ्या उंचीची, वेगळ्या कुसळाची, काजळीची झाडे उपटून टाकावीत. हे काम निवडीचे नाही, शुद्धता राखण्याचे आहे. गहू स्वतःच्या परागाने फळत असल्याने असे राखलेले घरचे बी तीन वर्षे खुशाल वापरावे, मग निळ्या लेबलचे नवे आणावे. दरसाल नव्या पिशवीवर पैसे घालण्याचे कारण नाही.

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा स्थानिक बन्सी किंवा खपली अजून टिकून आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या कणगीत खरी विविधता आहे, आणि निवडीचा खेळ खेळावा तर त्यांनीच. त्याची रीत अशी. बांधापासून पाच-सहा ओळी आत शिरून, ढिगाची व पाटाची जागा टाळून, साधारण ५० ओंब्या घ्याव्यात. त्या एकत्र मळू नयेत. प्रत्येक ओंबीचे दाणे वेगळ्या पुडीत, पुडीवर नंबर. पुढच्या हंगामात सर्वांत सपाट दोन गुंठे जागा निवडून एका ओंबीची एक ओळ टोकावी, सर्व ओळी सारख्या लांबीच्या व सारख्या अंतरावर. दर दहा ओळींनंतर एक ओळ ओळखीच्या वाणाची लावावी. ही ओळखीची ओळ रानाचा हिशेब सांगते. ती स्वतःच एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला ठेंगणी दिसली, तर तो फरक रानाचा समजावा आणि प्रत्येक ओळीची तुलना जवळच्या ओळखीच्या ओळीशीच करावी. पहिल्या वर्षी उत्पन्नावर निकाल देऊ नये. निसवण्याची तारीख, उंची, लोळणे, तांबेरा आणि हजार दाण्यांचे वजन एवढेच वहीत लिहावे, आणि त्यावरून आठ-दहा ओळी राखाव्यात. त्यांचे दुसऱ्या वर्षी प्रत्येकी तीन छोटे वाफे करावेत आणि तेव्हा मात्र तराजू काढावा. आणि निवड केली म्हणून उरलेले मूळ मिश्र बी मोडू नये. पायली-दोन पायली वाळवून, निंबाचा पाला घालून कणगीत राहू द्यावे व एक-दोन वर्षांआड थोडे पेरून ताजे करावे.

ज्या सभासदांकडे असा जुना बन्सी वा खपली असेल त्यांनी मूठभर नमुना, गावाचे नाव आणि घरात तो किती वर्षांपासून आहे ही माहिती चिठ्ठीवर लिहून आपल्या गट कार्यालयात द्यावी. पेरणीपूर्वी नमुने आले, तर ५० ओंब्यांच्या ओळी आखून देण्यास आमच्या विभागाचे कृषी सहायक आपल्या रानावर येतील.